दोन्हीकडून उघडणारं पुस्तक

२ जून, सोमवार

मावशी म्हणते विहीर घरासमोर होती. आई म्हणते घरामागे. आणि मी — बेटावर जन्मात पाय न ठेवलेली — त्या विहिरीवर अख्खं प्रकरण लिहून मोकळी झाले आहे!

जेवताना आईने विचारलं, "मग, कुठे ठेवलीस शेवटी विहीर?" फडताळातल्या बरणीची चौकशी करावी तसं. म्हटलं, दोन्हीकडे. तोच तर प्रयोग आहे कादंबरीचा. पुस्तक या बाजूने उघडलं की तुझं घर. उलटं करून त्या बाजूने उघडलं की मावशीचं. वाचत वाचत मधल्या पानावर दोघी भेटता.

"आम्ही कुठेही भेटत नाही," आई म्हणाली. "आणि विहीर मागेच होती. पाणी मी भरलंय. ती तेव्हा माझ्या कमरेवर होती."

हे मात्र खरं. आजी लवकर गेली. आई मावशीपेक्षा आठ वर्षांनी मोठी, धाकटीला तिनेच न्हाऊमाखू घातलं. मग विशीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि ती बेट सोडून इथे आली. मावशी आजोबांजवळ राहिली, ते गेल्यावर काही वर्षांनी तीही निघाली. आता बेटावर शेळ्या आहेत म्हणतात. लाँचही जात नाही.

तर अशा बेटाची मी लेखिका. वारसा सांगणार मी! नवरा म्हणतो, "तुझा वारसा म्हणजे दोन बायकांचं भांडण." चित्रकलेचा शिक्षक आहे. जेवढं दिसतं तेवढंच बोलतो.

५ जून, गुरुवार

प्रकाशकबाईंकडे गेले होते. डायरीत त्यांचं नाव 'कळेलका' ठेवलं आहे, कारण त्या प्रत्येक पानावर पेन्सिल टेकवून एवढंच विचारतात — "वाचकाला कळेल का?"

त्यांचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर. खाली पाइप कापत असतात, वर आम्ही परिच्छेद. कळेलकांनी स्टीलची पट्टी घेऊन माझं हस्तलिखित मोजलं. बोटं शाईने निळी. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "स्थलांतर, मुळं, आपलेपणा, सगळं छान आहे हो. पण यात पान एक कुठलं?"

म्हटलं, दोन्ही.

"आणि शेवटचं?"

म्हटलं, शेवट मधे आहे. मधलं पान कोरं सोडलंय.

त्यांनी कपाळाला हात लावला. "कोरं पान म्हणजे लोक म्हणणार छापखान्याने घोळ घातला. आणि पुस्तकवाला मांडणार कसं? दोन मुखपृष्ठं म्हणजे पाठ कुठली, पोट कुठलं?" खालून तेवढ्यात पाइप कापल्याचा असा कर्कश आवाज आला की मला वाटलं माझ्याच कादंबरीवर करवत चालली.

पण छापणार आहेत! या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात छपाई. दोन्ही बाजूंना आतल्या पानावर घराचा नकाशा हवा म्हणाल्या. "निदान घर तरी कळू दे." मी जिना उतरताना स्वतःशीच हसत होते. खालच्या पाइपवाल्याने काय झालं म्हणून विचारलंसुद्धा.

७ जून, शनिवार

दुकानात आज एक आजोबा चष्मा न्यायला आले. मी काउंटरवर बसते, चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवून देते, ते माझं खरं काम. लेखिका मी फक्त रविवारची. आजोबा म्हणाले, तुमच्या बोलण्यात हेल वेगळा आहे, मूळच्या कुठल्या?

म्हटलं, बेटावरच्या.

"कुठलं बेट?"

आता काय सांगणार! आई याला उत्तर देते, "होतं एक." आणि विषय संपवते. मी मात्र सुरू झाले. धक्का, लाँच, लिंबाचं झाड, आजोबांचं सुतारकाम, लाटांचा आवाज... चष्मेवाले मालक आतून म्हणाले, "अहो, त्यांना घरी जाऊ द्या!"

हेल माझा बेटाचा नाहीच खरं तर. तो आईचा, ऑपरेटरचा. वाक्याच्या शेवटी वर जाणारा — 'बोला-ऽ.' मी काय आणि कुठली, याचं उत्तर मलाच धड ठाऊक नाही, म्हणून तर पुस्तक लिहिलं.

८ जून, रविवार

रविवार म्हणजे फोन. मावशी तिच्या गावाहून करते, आई स्पीकर लावते आणि खुर्चीत ताठ बसते, जणू अजून ड्यूटीवर आहे.

सुरुवात गोड झाली. गुडघे कसे, रक्तदाब कसा. मावशी नर्स होती, त्यामुळे ती आजारही विनोद सांगावा तसे सांगते. मी मधे पचकले की नकाशा काढायचाय, दोघींनी एकदा नीट सांगा.

झालं!

"दारात लिंबाचं झाड. दारातून थेट धक्का दिसायचा," आई.

"झाड मागे गं, ताई. मोरीच्या बाजूला. दारासमोर विहीर."

"दारासमोर विहीर कोण खणेल? येणारा माणूस पडेल की आत!"

"तिला कठडा होता."

"कठडा होता ते मला सांगू नकोस. कठड्याला टेकून तुझ्या वेण्या घातल्यात मी."

एवढं एकच जुळलं — स्वयंपाकघर मागच्या अंगाला. त्यावरही दोघी अशा जोरात 'हो' म्हणाल्या की भांडणच वाटलं. मग आईने दाराचा विषय पुन्हा काढला. "त्या दारात बाबा रंधा मारत बसायचे. मी निघाले त्या दिवशीही बसले होते. तू तेच दार नव्हतं म्हणतेस?"

फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज. मग मावशी म्हणाली, "बरं ताई. तू म्हणशील तसं. मला काय, आठवत नाही आताशा."

"बघ! वेंधळी ती वेंधळीच!" असं मला सांगून आईने ऑपरेटरच्या सफाईने लाइन तोडली. आणि वळून म्हणाली, "तिचं घर छापणार असशील तर माझं काढून टाक. दोन्ही घरं खरी असू शकत नाहीत. माझं होतं. वीस वर्षं होतं."

मी हसण्यावारी नेलं. पण तिचे डोळे भरले होते, आणि ते मला आवडलं नाही.

९ जून, सोमवार

आई बोलत नाही. माझ्याशी नाही, जावयाशी नाही. फक्त कुकरशी.

१२ जून, गुरुवार

उकाड्याने जीव नकोसा झालाय. मागचं दार उघडलं तर आरपार वारा येईल — पण मागच्या दाराला आईने कपाट लावून ठेवलंय. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून. गाद्या, उशा, जुने पडदे, सगळा बेवारस माल त्यात. ते दार मी उघडं पाहिलेलं नाही.

पूर्वी ठीक होतं. बसस्टँड पुढच्या रस्त्यावर होता. तो मागच्या गल्लीत गेल्याला आता जमाना झाला, तरी येणाऱ्याजाणाऱ्याने अख्ख्या चाळीला वळसा घालून पुढूनच यायचं. मावशीने तर येणंच सोडलं. "तुझ्या घराला वळसा घालता घालता माझे गुडघे कामी आले," म्हणाली होती. आई म्हणाली, "यायचं तर समोरून यावं. मी काही बोलावणं पाठवत नाही."

आज धीर करून कपाटाचा विषय काढला.

"घराला एक तोंड पुरे," आई म्हणाली. "माणसालाही." हे दुसरं मला उद्देशून.

निदान बोलली! संध्याकाळी नेहमीप्रमाणे वेताची खुर्ची पुढच्या दारात ओढून रस्त्याकडे बघत बसली. रोज बसते. कुणाची वाट बघतेस विचारलं की म्हणते, "कुणाची नाही. पाय मोकळे करतेय." बसून!

१४ जून, शनिवार

नवऱ्याने दोन्ही नकाशे काढले. शाळेच्या तपासायच्या चित्रांचा गठ्ठा बाजूला सारून, जीभ बाहेर काढून. आईच्या नकाशात दार खाली, दारापुढे लिंब, मागे स्वयंपाकघर, त्यामागे विहीर. मावशीच्यात दार खाली, दारापुढे विहीर, मागे स्वयंपाकघर, त्यामागे लिंब.

"बेट एकच आहे ना नक्की?" त्याने विचारलं.

मी त्याला उशी फेकून मारली. पण प्रश्न रास्त आहे. मी दोन वर्षं दोघींच्या आठवणी टिपून घेतेय, दोन्ही खऱ्या मानून. 'स्मृतीची अनेक सत्यं' असं मी कळेलकांना तोंड वर करून सांगितलंय. आणि मनात धरून बसलेय की मावशी विसरली. प्रयोग वगैरे ठीक, पण पोटात मीही आईच्याच पक्षाची.

१५ जून, रविवार

फोन आला. आईने उचलला नाही. मावशीचा मला वेगळा आला, "असू दे गं. तिला सांग, माझी बाजू पातळ केली तरी चालेल. पुस्तक पूर्ण होऊ दे."

पातळ म्हणे. वरण आहे का ते?

१८ जून, बुधवार

आजचं सगळं लगेच लिहून ठेवते.

कळेलकांनी छापखान्याचा नमुना दाखवायला बोलावलं. मोठा कागद, त्यावर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी. पुस्तक दोन्हीकडून उघडायचं म्हणून एक नकाशा सुलटा, दुसरा उलटा छापलेला. मी मान वाकडी करून मावशीचा बघायला लागले तर कळेलका म्हणाल्या, "मान कशाला मोडताय? इथूनच बघा ना. मला तर एकच घर दोनदा छापल्यासारखं दिसतंय. हे चुकलंय का?"

मी मान सरळ केली.

विहीर वर, विहीर वर. लिंब खाली, लिंब खाली. दोन्ही नकाशांत. अगदी शेजारी शेजारी, जुळ्यांसारखी.

बदललंय ते फक्त दार आणि स्वयंपाकघर. त्यांनी जागांची अदलाबदल केलीय. विहीर कुणी हलवू शकत नाही, झाडही नाही. पण दार हलवता येतं! चूल हलवता येते! सुतार असला की झालं.

घर एकच आहे. कुणीतरी ते फिरवलंय. पाठीचं पोट केलंय!

मी कळेलकांना तसं सांगितलं. त्या पेन्सिल टेकवायच्याच विसरल्या. मग म्हणाल्या, "अहो, मग हा प्रयोग नाहीच. ही तर साधी गोष्ट आहे." दोन वर्षं मी ज्याला प्रयोग म्हणून मिरवत होते तो आजोबांच्या घराचा साधा आराखडा निघाला. कुठे तोंड लपवू!

पण आनंद इतका झालाय की लपवायला तोंड जागेवर नाही. कुणीच विसरलं नाही. कुणीच खोटं बोललं नाही.

१९ जून, गुरुवार

दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारून मावशीला फोन केला. आनंदाने ओरडलेच, "मावशी, घर फिरवलं होतं ना?"



"तुला कुणी सांगितलं?"

म्हटलं, तुझ्या विहिरीने.

मग तिने सांगितलं. जमेल तसं उतरवून ठेवते.

आई गेल्यावर काही वर्षांतच जुन्या धक्क्यात गाळ भरला. लाँच टेकेना. सरकारने बेटाच्या दुसऱ्या अंगाला नवा धक्का बांधला. मग माणसं तिकडून यायला लागली, सामान तिकडून, बातम्या तिकडून, आणि गावाची सगळी दारं नेमकी पाठमोरी! तेव्हा लोकांनी घरं फिरवली. पुढचं दार बुजवायचं, मागच्या भिंतीत नवं काढायचं, चूल उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची. एकाने केलं, मग सगळ्यांनी. आणि बेटावर सुतार एकच — आजोबा. वर्षभर त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. ज्याच्या त्याच्या चौकटी काढ, तासून घे, दुसरीकडे बसव.

"म्हणजे आजोबांनी आपलंही फिरवलं," मी म्हटलं.

"नाही. आपलंच तेवढं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाव हसायचं गं. म्हणायचं, सुताराचं घर गावावर रुसलंय. लोक हाक मारायला यायचे ते वळसा घालून. मी म्हटलं, बाबा, फिरवा की हो आता. तर म्हणाले, थोरली या बाजूने गेलीय. आली तर याच बाजूने येईल. भिंत बघितली तर काय वाटेल तिला? मी म्हटलं, अहो पण तिथे लाँच लागत नाही! तर म्हणतात कसे — तिला काय माहीत?"

मावशी हे सांगताना हसत होती. नेहमीचं हसू. मी मात्र काचेच्या भुकटीत शिंकल्यासारखी रडले.

रोज संध्याकाळी तिथेच बसायचे म्हणाली. दारात, गाळाकडे तोंड करून. रंधा मारून झाला की. ते गेल्यावर मग मावशीने घर फिरवलं, कारण एकटीने रोज वळसा घालणं होईना. तिच्या घरात दार विहिरीकडे, ते या शेवटच्या वर्षांतलं.

विचारलं, आईला का नाही सांगितलंस कधी? पत्रं तर पाठवायचीस.

"बाबांनी घातली होती शपथ. लिहू नकोस म्हणाले, तिला वाटेल बोलावतोय. यायचं तर आपणहून यावं. आणि ताई म्हणायची, बाबांनी बोलावल्याशिवाय येणार नाही, मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. आता दोघांच्या मधे मी काय करू? ते गेले, मग तर सांगण्यात अर्थच नव्हता. ताईचं दार खरं आणि माझंही खरं म्हटलं की ती विचारणार कधी बदललं, कुणी, का. म्हणून म्हटलं, आपण विसरभोळ्या बऱ्या." मग नर्सच्या आवाजात, "तू बोलायचं नाहीस. तिला झेपणार नाही."

इतकी वर्षं वेंधळी म्हणवून घेतेय ही बाई! केवळ बहिणीला रडू येऊ नये म्हणून!

मालकांनी आत डोकावून विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. चष्म्याच्या दुकानात निदान ही एक सोय आहे.

२१ जून, शनिवार

कळेलकांचा निरोप — सोमवारी कागद छपाईला. नकाशे पक्के ना? मधलं पान कोरंच ना?

आईचा निरोप — "माझं घर काढून टाकलंस का?"

दोघींना म्हटलं, बघते. माझ्या तोंडाला कुलूप आणि किल्ली मावशीकडे. आईचं घर काढलं तर पुस्तक लंगडं. दोन्ही छापली तर आई म्हणणार लेकीनेही मला खोटं पाडलं. खरं सांगितलं तर मावशीचा शब्द मोडतो. आणि आई? कदाचित मोडेल. कदाचित नाही. मी तिची मुलगी, आणि मला माहीत नाही.

संध्याकाळी ती दारात बसली होती. मी चहा घेऊन गेले आणि तशीच उभी राहिले. खुर्ची, दार, रस्त्याकडे लावलेले डोळे. तिला ठाऊकही नाही ती कुणासारखी बसलीय.

"काय बघतेस?" म्हणाली. "चहा गार होतोय."

२२ जून, रविवार

केलं मी. बोलले.

फोन वाजला, आईने उचलला. मला बरं वाटलं, पण तिने भांडायलाच उचलला होता. "माझं घर पुस्तकातून निघतंय तुझ्यापायी. झालं समाधान? राहा तू तुझ्या विहिरीसमोर! आज बाबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं दार कुठे होतं."

मावशी नेहमीसारखी, "बरं ताई, तू म्हणशील तसं..."

आणि मला ते 'तू म्हणशील तसं' सहनच झालं नाही. मी म्हटलं, "आई, धक्का हलला होता. तू गेल्यावर. सगळ्या गावाने घरं फिरवली."

"गप्प बस गं!" मावशी फोनमधून ओरडली. तिला ओरडताना मी प्रथमच ऐकलं.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. फोनकडे बघून, अगदी ऑपरेटरच्या शांत आवाजात विचारलं, "कुणी फिरवली?"

"... बाबांनी. सगळ्यांची."

"आपलं?"

पंख्याचा आवाज.

"धाकटे, आपलं?"

"नाही फिरवलं, ताई. ते असेपर्यंत नाही."

आईने 'का' विचारलं नाही. वाट बघितली मी. ती सुताराची मुलगी, तिला चौकटीचं कारण सांगावं लागलं नाही. तिने नुसता पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "तिथे तर गाळ असेल."

"होता."

"मग कशाकडे बघत बसायचे?"

शेवटी आईनेच फोन ठेवला. तोडला नाही, हळूच ठेवला. आज खुर्ची दारात नेली नाही.

२३ जून, सोमवार

छपाई पुढे ढकलायला सांगितली. कळेलका चिडतील वाटलं. म्हणाल्या, "घरचं आहे का? मग थांबू." त्यांनाही घर आहे, हे माझ्या आज लक्षात आलं.

आई जेवली. थोडं.

मावशीला फोन केला. शिव्या खायची तयारी होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. मलाही ओझंच झालं होतं." आणि मग, "कशी आहे गं ती?" हे तिने तीनदा तरी विचारलं.

२५ जून, बुधवार

आई सकाळी माझ्या टेबलापाशी आली. नमुन्याचा मोठा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. म्हटलं, चष्मा आणू? माझ्याच दुकानातला आहे, दोरी लावून दिलाय, तरी लावत नाही.

"नको. दिसतंय," म्हणाली. मग मावशीच्या दारावर बोट ठेवलं. "ही चौकट इथे कशी बसवली असेल हिने? जडच्या जड होती. बाबांना चार माणसं लागायची." आणि जरा वेळाने, "एकटी होती ना तेव्हा ती."

मग म्हणाली, "दोन्ही छाप."

मी तिला मिठी मारली. "पुरे, पुरे, कागद चुरगळेल," म्हणाली, पण तिने मला सोडलं नाही.

"आणि ते मधलं पान?" जाता जाता विचारलंन. "कोरं?"

म्हटलं, तू म्हणशील तसं.

"हे वाक्य तुझ्या मावशीचं. तू नको वापरूस."

मधलं पान कोरंच ठेवलंय. तिथे आजोबा बसतात. वाचकाला कळेल का? नाही कळलं तर नाही!

२८ जून, शनिवार

छपाई सुरू झाली म्हणे. मला घरात चैन नाही, नखं खातेय.

आईचं भलतंच काहीतरी चाललंय. जावयाला विचारत होती, पहार मिळेल का कुठे. तो म्हणाला, "सासूबाई, पुस्तक अजून आलं नाही, एवढ्यात कुणाला मारताय?" ती हसली! गेल्या आठवड्यानंतर पहिल्यांदा. जावयाच्या विनोदाला हसणं हे तिच्या तत्त्वात बसत नाही, तरी हसली.

३० जून, सोमवार

कळेलकांचा फोन. परवा प्रती मिळतील. म्हणाल्या, पहिली प्रत त्यांनी स्वतः दोन्हीकडून वाचली, आणि मधल्या पानावर जरा वेळ बसून होत्या. मग घाईघाईने, "पण पुढच्या पुस्तकाला पान एक असू द्या हं."

२ जुलै, बुधवार

प्रत छातीशी धरून घरी आले तर दार आतून बंद. बेल दाबली, वाजेना. ठोकलं. आतून आईचा आवाज, ऑपरेटरचा, शेवटी वर जाणारा — "मागून ये-ऽ. दार आता गल्लीकडे आहे."

आणि तिच्या मागून मावशीचं हसू.

अख्ख्या चाळीला वळसा घालून गेले. कपाट भिंतीला, मागचं दार सताड उघडं, घरभर वारा. उंबऱ्यात मावशीची बॅग, चपला. नवरा घामाने निथळत पहार घेऊन उभा. दोघी बहिणी नव्या दाराशी कठड्याला टेकल्यासारख्या उभ्या, आई मावशीचे केस सारखे करतेय.

पुढचं दार बंद होतं, पण वेताची खुर्ची अजून तिथेच होती, दाराकडे तोंड करून. मी ती उचलून इकडे आणायला गेले.

"ती राहू दे," आई म्हणाली. "बसू देत बाबांना."